पहाटे पाचचा धबधबा

"या इमारतीतल्या कोणाच्या तरी संडासातून रोज पहाटे पाच वाजता धबधबा कोसळतो. ज्यांचा आहे त्यांना ठाऊक आहेच. शेजाऱ्यांच्या झोपेचा थोडा विचार व्हावा, ही नम्र विनंती."

खाली ना सही, ना घराचा नंबर. चार मजले, अकरा घरं, जिन्याखाली एक फलक आणि त्यावर चार टाचण्यांनी ताणून बसवलेला हा कागद.

सरळ वागणाऱ्या माणसांत काय झालं असतं? ज्याचा संडास गरजतो त्याच्या दारावर कोणीतरी थाप मारली असती, चार शब्द इकडून गेले असते, चार तिकडून आले असते आणि नाश्त्याच्या आत मामला मिटला असता. पण आमच्या जपानातल्या ओकायामात तसं होत नाही. आमच्याकडे कोणाचंच नाव न घेता बोट दाखवलं, की अकराच्या अकरा घरांना ते आपल्याच छातीत रुतल्यासारखं वाटतं. त्यातही सगळ्यांत खोल रुतलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या तेत्सुओ कुरिहारांच्या.

कुरिहारांचं वय सत्तावन्न. नगरपालिकेच्या ग्रंथालयात कारकून. पुस्तकं परत न करणाऱ्या वाचकांना पत्रं लिहिणं हे त्यांचं काम. "आपण पुस्तक परत करायला विसरला आहात असं आम्ही मुळीच म्हणत नाही, तथापि..." अशी सुरुवात करून तेवीस वर्षं त्यांनी लोकांना घाम फोडला होता. त्यामुळे न लिहिलेलं वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गुरुवारी सकाळी ते प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले (बाटल्या वेगळ्या, झाकणं वेगळी, सोललेली लेबलं वेगळी), फलकापाशी थांबले, नोटीस दोनदा वाचली आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

कारण तीनच आठवड्यांपूर्वी त्यांनी घरात हुकमी कमोड बसवला होता. हा कमोड बोलायचा नाही, फक्त ऐकायचा. (घरात हे जास्त धोक्याचं असतं, हे त्यांना पुढे कळलं.)

हेतू चांगला होता. त्यांची बायको फुमिए गेली एकतीस वर्षं रोज पहाटे पाचला उठून, गुडघ्यांवर बसून, ओल्या फडक्यानं संडास पुसायची. आधी कमोड, मग जमीन, मग मागची पांढरी भिंत आणि शेवटी नळीचं ते वाकडं कोपर, जिथे कोणाची नजर जाणं शक्यच नव्हतं. या वर्षी तिचा उजवा खांदा आखडला. ज्या माणसानं एकतीस वर्षांत त्या फडक्याला बोट लावलं नव्हतं त्याच्या मनाला टोचणी लागली आणि फडकं हातात घेण्याऐवजी तो दुकानात गेला. (नवऱ्यांच्या प्रायश्चित्ताला नेहमी प्लग असतो.)

नव्या कमोडचं झाकण माणूस दिसताच आपोआप उघडायचं. बसायची जागा कोमट असायची. तो स्वतःला आतून धुऊन घ्यायचा. आणि बाकी सगळं तोंडी हुकमावर: 'धू', 'वाहू दे', 'थांब'.

"साहेब, याच्याशी घरगुती बोला," बसवायला आलेल्या कारागिरानं बजावलं होतं. "'धुण्याची कृपा व्हावी' असली अदब याला कळत नाही. याला नेमका शब्द पाहिजे. मग तो वाक्यात कुठेही येऊ दे, हा उचलणार."

फुमिएनं कमोडला एक प्रदक्षिणा घातली. म्हणाली, "यंत्रानं पुसलेला संडास म्हणजे यंत्राकडून घालून घेतलेला नमस्कार." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती फडकं घेऊन पुन्हा गुडघ्यांवर.

तर नोटिशीनंतरच्या पहाटे कुरिहारा मुद्दाम जागे राहिले. बरोबर पाचला फुमिए उठली. तिच्यामागून हे अनवाणी, बोळात, भिंतीला चिकटून.

आत फडकं पिळल्याचा आवाज आला. मग फुमिएचं स्वतःशी बोलणं सुरू झालं.

"परवा पाहुण्यांसमोर म्हणाले, हिचं लोणचं जरा खारटच असतं. वाहू दे."

धो धो धो!

"आईच्या वर्षश्राद्धाला काळे मोजे काढून ठेवले होते, तर पोपटी घालून आले. वाहू दे."

धो धो धो!

आमच्याकडे भांडण मिटवायचं असो की कोणाची चूक पोटात घालायची असो, शब्द एकच. झालं ते पाण्याबरोबर वाहू दे. फुमिएनं हा शब्द संसारात मिठासारखा वापरला होता. आता घरात एक असा आला होता, जो तो शब्द शब्दशः घेत होता.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी समुद्रावर नेतो म्हणाले होते..."

फडकं थांबलं. बोळात कुरिहारांचा श्वासही थांबला. 

"बरं. वाहू दे."

धो धो धो!

कुरिहारांनी शेवटपर्यंत मोजले. अकरा. म्हणजे धबधबा त्यांचाच, आणि त्यातलं पाणीही एका अर्थी त्यांचंच. आता फुमिएला सांगायचं तरी काय? तुझी क्षमा जरा हळू आवाजात होईल का? ते सांगायचं तर चोरून ऐकल्याचं कबूल करायला हवं, आणि मग उद्यापासून बारा.

तेव्हा कुरिहारांनी कुठल्याही सज्जन माणसानं केलं असतं तेच केलं. स्वतःची चूक सापडली, म्हणून ती दाखवणाऱ्यावर ते संतापले.

आणि तो कोण, हे उघड होतं. बरोबर खालच्या घरातला ओनोदेरा! पियानोचे सूर जुळवून निवृत्त झालेला माणूस. शेजारच्या खोलीत सुई पडली तर ती कुठल्या सुरात पडली हे सांगणारा. त्याच्याशिवाय कोणाला ऐकू जाणार होतं?

हा ओनोदेरा म्हणजे कुरिहारांचा जगातला एकुलता एक मित्र. बावीस वर्षं दर रविवारी दुपारी दोनला तो वर यायचा, दोघं शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, पट मांडायचे आणि पाचपर्यंत एकमेकांचा उद्धार करायचे. "अरे गाढवा, रथ तिथे कोण ठेवतं?" "तुझ्या डोळ्यांत बुबुळं आहेत की सोंगट्या?" ग्रंथालयात कुरिहारांना सगळे अदबीनं 'कुरिहारा-सान' म्हणत. बायको 'अहो' म्हणे. त्यांना 'तू' म्हणणारा आणि 'गाढव' म्हणणारा असा या पृथ्वीच्या पाठीवर हा एकच माणूस उरला होता. आणि त्यानं तोंडावर न सांगता नोटीस लावावी?

त्याच सकाळी जिन्यात गाठ पडली.

"शुभ सकाळ, ओनोदेरा-सान," कुरिहारा म्हणाले. "आपली प्रकृती ठीक आहे ना?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा 'सान'. पहिल्यांदा 'आपली'. ओनोदेरांचा पाय पायरीवर तसाच अधांतरी राहिला. मग तेही वाकले, कुरिहारांपेक्षा चार बोटं खाली.

"आपल्या कृपेनं ठीक आहे, कुरिहारा-सान."

कुरिहारा आणखी वाकले. ओनोदेरा त्याहून वाकले. चौथ्या मजल्यावरच्या बाई खाली येत होत्या, त्यांना वाटलं दोघांचं काहीतरी सांडलंय. त्याही शोधायला लागल्या.

आमच्याकडे शिव्या देऊन कोणी मैत्री तोडत नाही. अदब वाढवत न्यायची, की मैत्री आपोआप गुदमरते. त्या रविवारी दोनला कुरिहारांनी सवयीनं पट मांडला. दारावरची घंटा वाजली नाही. अडीच झाले. चहा गार झाला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही बाजूंनी खेळून पाहिलं आणि दोन्ही बाजूंनी हरले.

"अहो, खाली जा आणि सरळ बोला ना," फुमिए म्हणाली.

"मी का? नोटीस त्यांनी लावली."

"'त्यांनी'? इतकी वर्षं तर ओनोदेरा तुमचा 'तो' होता."

उद्या 'वाहू दे' कितीवर जाणार याचा कुरिहारांनी मनात हिशेब केला.

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी सकाळी इमारतीची सामुदायिक सफाई होती. घरटी एक माणूस, डोक्याला रुमाल, हातात चिंधी. कुरिहारांच्या वाट्याला जिन्याचा कठडा आला आणि त्याचं दुसरं टोक माकिनोबाईंच्या. माकिनोबाई म्हणजे तळमजल्यावरच्या, अकरा घरांत न मोजलेल्या खोलीत राहणाऱ्या, इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या. कठडा पुसत पुसत दोघं मध्यावर भेटले, तेव्हा कुरिहारांना राहवलं नाही.

"माकिनो-सान, ती नोटीस... कोणाबद्दल होती हो?"

"कुठली? धबधब्याची? ती पुस्तकातली."

"पुस्तकातली?"

"आम्हा इमारत सांभाळणाऱ्यांना नमुन्याच्या नोटिशींचं पुस्तक मिळतं. मी त्यातली अधूनमधून एक लावते. आधी 'कोणाचे तरी ओले कपडे ठिबकतात' लावली, मग ही. ओळीनंच घेते, कोणावर अन्याय नको."

"पण पहाटे पाचचा आवाज! तुम्ही ऐकल्याशिवाय का..."

"मी?" माकिनोबाई हसल्या. "मी कानातलं यंत्र काढून झोपते. मागच्या भूकंपात अख्खी इमारत रस्त्यावर होती आणि मी सातला उठून म्हटलं, आज दूधवाला उशिरा कसा? पण उपयोग होतो हं. दहा घरांतली माणसं मिठाईचे डबे घेऊन माफी मागून गेली. म्हटलं, कुरिहारा-सान कसे राहिले?"

कुरिहारांच्या हातातली चिंधी गळून पडली. "ओनोदेरा-सानही आले होते?"

"सगळ्यांत आधी! त्यांना वाटतं, ती नोटीस तुम्हीच लावायला लावलीत. त्यांचा संडास जुना, साखळीचा. पहाटे पाचला जावं लागतं बिचाऱ्यांना, वयच तसं. हल्ली तुमची झोप मोडू नये म्हणून सहापर्यंत दम धरून बसतात म्हणे."

काय म्हणावं याला! एका जिन्याचं अंतर, बावीस वर्षांची दोस्ती, आणि कोणालाच उद्देशून नसलेल्या एका वाक्यापायी एक माणूस वरती एकट्यानं शोगी हरतोय आणि दुसरा खाली मूत्राशय आवळून बसलाय. आणि याला आम्ही सभ्यता म्हणतो!

कुरिहारा धावत वर गेले. हातपाय धुतले, इस्त्रीचा सदरा चढवला, माफीची वाक्यं जुळवता जुळवता दुपार झाली. शेवटचं बटण लावतात तोच दोन वाजता घंटा वाजली.

दारात ओनोदेरा. काळा सूट, गळ्यात टाय, दोन्ही हातांत दुकानातला महागडा डबा, आत लाल घेवड्याच्या गोड वड्या.

"कुरिहारा-सान, धबधबा आमचा होता. आपल्या झोपेचा..."

"छे छे, ओनोदेरा-सान! धबधबा आमचा!"

"आपण माझं मन राखताय. आमची ती साखळी..."

"आपल्या साखळीचं काय घेऊन बसलात! आमच्याकडे रोज पहाटे अकरा वेळा!"

ओनोदेरांनी डबा खाली ठेवला आणि कुरिहारांकडे निरखून पाहिलं.

"अकरा? आपण डॉक्टरांना दाखवलंत का?"

फुमिए स्वयंपाकघरात होती, तेव्हा त्या अकरांचा खुलासा करण्याची सोय नव्हती. कुरिहारांनी चहा ओतला. मग दोघं गुडघे मोडून, ताठ पाठीनं समोरासमोर बसले. बोलणं अडलं की चहा. हवामान किती छान आहे, चहा. जिन्याचा कठडा काय चकाकतोय, चहा. कुरिहारांना सांगायचं होतं, अरे ये, पट मांडू. पण समोर टाय होता. टायला 'अरे' कसं म्हणणार?

पाचव्या कपानंतर ओनोदेरांचा रंग बदलला.

"क्षमा असावी. आपल्या येथील... त्या स्थानाचा लाभ घेण्याची परवानगी मिळेल का?"

"अवश्य! बोळाच्या टोकाला."

संडासातल्या वेगळ्या सपाता चढवल्याचा आवाज आला, दार लागलं, झाकण आपोआप उघडलं. "आभारी आहे," असं ओनोदेरा झाकणाला म्हणाल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

आणि कुरिहारांना वाटलं, हीच वेळ! समोर चेहरा नाही, टाय नाही, नुसतं एक दार. माणसाला जे बोलता येत नाही ते दाराला बोलता येतं. ते उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

"ओनोदेरा-सान, मला वाटलं नोटीस आपण लावलीत. सहा आठवडे मी मनात विष कालवत बसलो. ते सगळं वाहू दे!"

धो धो धो!

"अं..." आतून दबका आवाज आला. "आपलं म्हणणं... पोचलं."

"अहो!" फुमिए स्वयंपाकघरातून ओरडली. "तो शब्द तिथे नका बोलू!"

"आज मला बोलू दे, फुमिए!" कुरिहारा दाराला आणखी खेटले. "माझा अहंकार वाहू दे! ते सगळे रविवार वाहू दे!"

धो धो! धो धो धो!

"ओनोदेरा-सान, आपण पुन्हा पूर्वीसारखे गरम पाण्याच्या कुंडावर जाऊ. आठवतंय, एकमेकांची पाठ चोळायचो? आपण नुसतं 'पाठ धू' म्हणा, मी तयार आहे!"

आत बारीक घरघर सुरू झाली आणि पाठोपाठ एक विलक्षण आवाज आला. अर्धा हुंदका, अर्धी किंकाळी. कुरिहारांना तो हुंदकाच वाटला आणि त्यांचेही डोळे भरले.

"कृपया थांबावं!" आतून ओनोदेरा.

"नाही! आज नाही!"

"थांबण्याची कृपा व्हावी! मी आपल्या पाया पडतो!"

"जोवर आपण मला 'आपण' म्हणताय तोवर नाही! एकदा, फक्त एकदा म्हणा, कुरिहारा, माझी पाठ धू! अगदी हक्कानं म्हणा, धू!"

घरघर वाढली. (प्रत्येक 'धू'ला फवाऱ्याचा जोर एका अंकानं वाढतो, हे माहितीपत्रकाच्या चौदाव्या पानावर होतं. कुरिहारांना बाराव्या पानावरच झोप लागली होती.)

"आपण... आपण कृपा..." ओनोदेरांचा आवाज आता पियानोच्या सगळ्यांत उजवीकडच्या पट्टीवर पोचला होता. आणि मग बांध फुटला.

"थांब! अरे थांब ना, गाढवा!"

घरघर बंद. कुरिहाराही बंद.

'अरे'. 'थांब'. 'गाढवा'. कुरिहारांनी कपाळ दाराला टेकवलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना गाढव म्हटलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, कोणी 'वाहू दे' म्हटलं नव्हतं तरी.

पंधरा मिनिटांनी दार उघडलं. (मधे "गरम वारा कुठल्या शब्दाला येतो?" आणि "शब्दाला नाही रे, डावीकडचं बटण दाब!" एवढाच संवाद झाला.) ओनोदेरा बाहेर आले. टाय सरळ, केस मात्र कोणीतरी भयंकर बातमी दिल्यासारखे उभे.

"पण तू उठला का नाहीस?" कुरिहारांनी विचारलं. "उठलं की तो आपोआप बंद होतो."

"मला काय माहीत? मला वाटलं, उठलो तर मागची भिंत भिजेल. फुमिए-सानची भिंत! दुसऱ्याच्या घरची इतकी स्वच्छ भिंत, तिच्यावर मी पाणी उडू देईन? बसून राहिलो. म्हटलं, जे व्हायचं ते माझं होऊ दे."

फुमिएनं आत जाऊन भिंत पाहिली. एक थेंब नव्हता. ती बाहेर आली आणि ओनोदेरांपुढे इतकी खोल वाकली, की कुरिहारांना आपलं लग्न आठवलं. तिथेसुद्धा ती एवढी वाकली नव्हती.

"मांड पट," ओनोदेरा टाय सैल करत म्हणाले. "आणि या खेपेला रथ जागेवर ठेव, मूर्खा."

कुरिहारा वीस मिनिटांत हरले. पुन्हा मांडला, पुन्हा हरले. इतक्या आनंदात ते कित्येक वर्षांत हरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाला निघाले, तर खालच्या दारात ओनोदेरांची बायको ताए चपला ओळीत लावत होती. त्यांना पाहताच तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"काय जादू केलीत हो, कुरिहारा-सान? काल आल्यापासून आमचे हे इतके खूष आहेत! सारखं एकच, वरच्या घरात एक जण आहे, लाखात एक. मनात काही ठेवत नाही, मागचं उगाळत नाही, एकदा 'थांब' म्हटलं की थांबतो."

कुरिहारांनी पायाच्या अंगठ्याकडे बघत विनयानं मान हलवली. "छे छे. मी काय विशेष केलं? मैत्रीत एवढं तर..."

"अगबाई, तुमच्याबद्दल नाही, तुमच्या संडासाबद्दल म्हणत होते ते," ताए म्हणाली. "तुमच्याबद्दल म्हणाले, त्या गाढवाला बंद करायचा शब्द बावीस वर्षं शोधतोय, अजून सापडत नाही."